तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे, ताई?

ताई, इशाऱ्यातलं 'तुरळक ठिकाणी' किंवा 'काही ठिकाणी' म्हणजे नेमकं कुठे, हा आपला वाद अर्धवटच राहिला. मी म्हणायचे, हा शब्द माणसांसाठी केलेलाच नाही. तुम्ही म्हणायचात, शब्द बरोबर आहे, ऐकणारा त्याला भलता प्रश्न विचारतोय. मग चहा यायचा, मिलिंद कंटाळून टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि विषय पुढच्या रविवारवर जायचा. आता पुढचा रविवार येतो तो नुसताच येतो.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. तुमचं नाव निघालं की मिलिंद उठून गॅलरीत जातो. त्याला रडायचं असतं, पण बहिणीसाठी बायकोसमोर रडावं की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. मला मात्र रडू येण्याआधी प्रश्न आठवतात. हे विचारायचं राहिलं, ते विचारायचं राहिलं. तुम्ही हवामानाचा अंदाज देणाऱ्या आणि मी तुमची भावजय. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना भांडी आपटल्याचा आवाज ऐकायची सवय असते. आपलं भांडण झालं ते पर्जन्यमापकावरून, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या माजिवड्याच्या घरी आले होते, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं होतं, "ढग दिसतात हे ठीक आहे, पण ते कुठे चाललेत हे तुम्हाला कसं कळतं?" दुसरं कोणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. तुम्ही मला हाताला धरून गॅलरीत नेलंत. खाली हायवे. म्हणालात, "थांब जरा, येईल आत्ता." काय येईल ते मला कळेना. पाचेक मिनिटांनी अँब्युलन्स आली आणि पुलाखालून निघून गेली. "ऐकलंस? येताना आवाज टिपेचा होता, लांब जाताना एकदम जाड झाला. डोळे मिटून असतीस तरी कळलं असतं, येतेय की जातेय. रडार तेच करतं. आकाशात हाक मारतं, थेंबांवर आपटून हाक परत येते. किती वेळात आली त्यावरून अंतर, किती जोरात आली त्यावरून थेंबांचा आकार, आणि आवाज बदलला किती, त्यावरून वारा आपल्याकडे येतोय की पाठ फिरवून चाललाय."

आत येऊन तुम्ही पोहे केलेत. मी नवी नवरी, मदत करायला हवी होती, पण मी तिथेच उभी राहून पुढची अँब्युलन्स ऐकत होते. तुम्ही मला आत बोलावलं नाहीत. आपली मैत्री त्या दिवशी जमली असं मी मानते.

पुढे कित्येक वर्षांनी माझी जन्म-मृत्यू नोंदणीतून पालिकेच्या आपत्कालीन कक्षात बदली झाली. मला रडू फुटलं होतं आणि तुम्ही पेढे घेऊन डोंबिवलीला आलात. "अगं, वेडी का तू? मी इशारा लिहून देते, पुढे त्याचं काय होतं ते मला आयुष्यात कधी बघायला मिळालं नाही. आता तू बघ आणि मला सांग."

तेव्हापासून दर रविवारी माझी शिकवणी सुरू झाली. जगभर ठरलेल्या एकाच वेळी शेकडो फुगे आकाशात सोडतात, ते वर जाताजाता तापमान आणि ओल कळवत राहतात आणि शेवटी फुटतात, हे ऐकून मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, "शत्रू देशसुद्धा? एकाच वेळी?" "शत्रू देशसुद्धा. वाऱ्याला पासपोर्ट नसतो." मग ते आकडे संगणकात जातात, संगणक उद्याचं आकाश एकदा नाही, थोडं थोडं बदलून अनेकदा रचून बघतो. बहुतेक वेळा तेच उत्तर आलं तर तुमची झोप चांगली. प्रत्येक वेळी वेगळं आलं तर तुम्ही, तुमचे सहकारी आणि चहाचे कप. मला वाटत होतं, यंत्र सांगतं आणि तुम्ही वाचता. "यंत्र मतं देतं गं. इशारा माणूस देतो. खाली सही माणसाची असते."

आणि ते रंग. पिवळा, नारिंगी, लाल. मी म्हटलं, पाऊस वाढला की रंग गडद, एवढंच ना? तेव्हा तुम्ही गॅसवरच्या दुधाकडे बोट दाखवलंत. "पिवळा म्हणजे दूध ठेवलंय, लक्ष असू दे. नारिंगी म्हणजे कडेने बुडबुडे आले, हातातलं काम ठेवून ओट्याशी ये. लाल म्हणजे गॅस बंद कर, विचार नंतर. रंग पावसाचा नसतो मेधा, रंग तुझ्या कामाचा असतो." तेवढ्यात दूध उतू गेलं. दोघी बघत उभ्या होतो आणि गॅस कोणीच बंद केला नाही. मिलिंदने ते गोष्टीसारखं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

मिलिंदला तुम्हाला चिडवायला निमित्त लागायचंच नाही. एका वर्षी जुलैत लाल इशारा आला, शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, तेव्हा तर त्याला पर्वणीच. "ताई, तुझ्या साहेबांना सांग, परवा पापड घालायचेत, अजून एक रेड अलर्ट पाठवा." सोसायटीच्या ग्रुपवर त्याहून वाईट विनोद चालले होते. तुम्ही शांतपणे भात कालवत होतात. "पडला रे पाऊस. मुरबाडच्या डोंगरात कोसळला. आम्ही जिल्ह्याला सांगतो, पाऊस गल्लीत पडतो."

मला त्या दिवशी हसू आलं नाही. कारण दिवा गावच्या खाडीकाठच्या वस्तीतली माणसं माझ्या फोनवरून घरं सोडून शाळेत जाऊन बसली होती. तिथे आमच्या कक्षाचा संपर्क म्हणजे रंजनाबाई. तिथल्याच मूळच्या आगरी, सासऱ्यांची मिठागरं होती, आता काठाला स्वतःचं घर आणि मागे भाड्याने दिलेल्या खोल्या. बचत गट चालवतात, आवाज असा की फोनची गरज पडू नये. संध्याकाळी कोरड्या रस्त्याने सगळे परत गेले तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या होत्या, "जाऊ द्या मॅडम. पन आता परत नाय कोन यायचा."

आणि दोनच आठवड्यांत तो दिवस आला. नारिंगी इशारा. 'ठाणे जिल्ह्यात काही ठिकाणी अति मुसळधार पावसाची शक्यता.' सकाळी मी रंजनाबाईंना फोन लावला आणि मजकूर वाचून दाखवला.

"काही ठिकानी म्हंजे आमच्याइथं का?"

"जिल्ह्यात काही ठिकाणी."

"ते ऐकला मी. आमच्याइथं का, ते सांगा."

मी तीच ओळ पुन्हा वाचली. "मॅडम, मागच्या टायमाला तुमी बोललाव आनि आमी गेलेलो. म्हाताऱ्यांना पाठकुळी घेऊन गेलेलो. पावसाचा थेंब नाय. आता मी कोनच्या तोंडाने सांगू?" त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांना तसंच थांबायला सांगून मी दुसऱ्या फोनकडे वळले.

कामावर असताना तुम्हाला फोन करायचा नाही, हा आपला नियम होता. मी मोडला. तुम्ही दोन रिंगमध्ये उचललात आणि माझं अर्धं ऐकून म्हणालात, "गल्ली मी सांगू शकत नाही मेधा. सांगितली तर ती थाप असेल."

"मग मी त्यांना काय सांगू?"

पलीकडे कोणीतरी तुम्हाला हाक मारत होतं. तुम्ही त्याला थांबवलंत. मग मला जो प्रश्न विचारलात, तो त्याआधी आमच्या कक्षात कोणी कधी विचारला नव्हता. "पाणी येतं तेव्हा त्यांच्याकडे आधी काय बुडतं?"

मला माहीत नव्हतं. पहिल्या फोनवर थांबलेल्या रंजनाबाईंना मी विचारलं. "आधी रस्ता. शालेकडं जायचा रस्ता आमच्या घरांपेक्षा खाली हाय. घरात पानी येतो लय नंतर. तवर वाटच नसते."

मी तुम्हाला तसंच सांगितलं. तुमचा आवाज बदलला. "मग किती पाऊस पडेल ते सोड. निर्णय रस्ता जायच्या आत घ्यायचाय. बदलापूर-कर्जतकडे रात्रीपासून चांगला झालाय, ते पाणी उल्हास नदीतून उतरणार. दुपारनंतर भरती आहे, खाडी ते पुढे जाऊ देणार नाही. त्यांच्या डोक्यावर पाऊस पडो न पडो. खात्री नाही. पण अशी परिस्थिती निम्म्याहून जास्त वेळा वाईट जाते. त्यांना हे असंच सांग. खात्री नाही, हेही सांग."

हे शेवटचं वाक्य मला पटलं नव्हतं. लोकांना 'खात्री नाही' सांगितलं तर कोण हलणार? पण मी सांगितलं. "रंजनाबाई, कदाचित पाणी येणारही नाही. पण आलं तर वरून नाही, नदीकडून येईल, भरतीच्या वेळेला, आणि आधी तुमचा रस्ता जाईल. नंतर आम्हालाही आत येता येणार नाही."

"असा सांगा ना मंग!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "काही ठिकानी, काही ठिकानी काय लावलाय!"

साहेबांना सांगून मी शाळा उघडायला लावली, गाडी पाठवली. दुपारपर्यंत म्हातारी माणसं, लहान पोरं, एक आठव्या महिन्यातली बाई आणि मागच्या खोल्यांमधली बरीच बिऱ्हाडं निघाली. सगळी नाही. रंजनाबाईंच्या नवऱ्याने स्वच्छ नकार दिला. त्यांच्या कोंबड्या होत्या. कक्षाच्या खिडकीतून मी सारखी बाहेर बघत होते, तर नुसती भुरभुर चालू होती. पुन्हा तेच होणार, आणि या वेळी रंजनाबाई माझा फोनही उचलणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

भरतीच्या सुमाराला त्यांचा फोन आला. मागे पोरांचा कालवा. "मॅडम, रस्ता गेला." एवढंच.

नंतर घरांमध्ये गुडघ्याच्या वर पाणी चढलं. तिथे त्या दिवशी पाऊस असा झालाच नाही. जे राहिले होते ते पोटमाळ्यांवर बसून राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने काढले. रंजनाबाईंचे यजमान होडीतसुद्धा कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते आणि बायकोकडे बघत नव्हते म्हणे. आठव्या महिन्यातल्या बाईला शाळेतच कळा सुरू झाल्या होत्या. शाळा मोठ्या रस्त्याला लागून, त्यामुळे गाडी दारात आली आणि ती वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली, लहानशी, पण धडधाकट. ती घरी असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

मी त्या रविवारी तुमची वाट बघत होते. तुम्ही आलात, जेवलात आणि म्हणालात, "आमच्या पडताळणीत तो दिवस दिव्यापुरता चुकीचा जाणार." मला वाटलं, चेष्टा करताय. तुम्ही समजावलंत की प्रत्येक इशारा नंतर तपासतात, पर्जन्यमापकात पडलेलं पाणी आणि तुम्ही सांगितलेला पाऊस शेजारी ठेवतात. त्या भागात तेवढा पाऊस पडला नाही, म्हणजे अंदाज तिथे चुकला.

"ताई, माणसं वाचली!"

"वाचली ना. मला आनंद नाही झाला असं वाटतं का तुला? पण गणितात पद्धत चुकून उत्तर बरोबर आलं तर आपले मास्तर मार्क द्यायचे का?"

"त्या बाईला कोणी पद्धत विचारली नाही."

"तिने नाहीच विचारायची. मी विचारायची. आज मी स्वतःला बरोबर म्हटलं तर पुढच्या वेळी कुठे सुधारायचं ते मला कळणार नाही."

मी चिडून ताटं उचलली. मला वाटलं, काय कोरडी बाई आहे. आता वाटतं, तुमच्या बाजूने तुम्ही बरोबर होतात आणि माझ्या बाजूने मी. पर्जन्यमापक एका गच्चीवर असतो आणि माणसं दुसऱ्या ठिकाणी राहतात. मधलं अंतर कोणी चालायचं, हा खरा वाद होता. तो तुम्ही कधी तोंडाने मान्य केला नाहीत. पण निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात म्हणालात, "मला दिव्याला ने."

रंजनाबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली होती. तुम्हाला आधी नीट बघून घेतलं. "या पावसाच्या बाई? मला वाटलेला उंच असतील." तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. मग साडी खोचून तुम्ही तो रस्ता चाललात, घरापासून शाळेपर्यंत, मध्ये थांबून उतार बघत. नळाला पाणी नव्हतं, बायका हंडे घेऊन टँकरच्या रांगेत होत्या. एकीने विचारलं, "पावसात पानी घरात येतो आनि आता नलाला नाय, याचा अंदाज देता काय?" तुम्ही म्हणालात, "नाही देत बाई. तेवढं मोठं यंत्र अजून झालेलं नाही." सगळी रांग हसली. परत येऊन माजिवड्याला रिक्षातून उतरताना म्हणालात, "पस्तीस-छत्तीस वर्षं मी ठाणे जिल्हा लिहिलं गं. त्यात हा रस्ता होता."

आणि मग तुमचं आजारपण. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. पण एक दुपार लिहायलाच हवी. तरुण डॉक्टर होते. "मावशी, आपण प्रयत्न करू," म्हणाले.

"प्रयत्न तुम्ही करणारच. मला शक्यता सांगा."

त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने मानेनेच नको म्हटलं. घरात आमचं तसं ठरलं होतं, तुम्हाला काही सांगायचं नाही. आयुष्यभर लोकांना वेळेवर सांगा म्हणून जीव टाकणाऱ्या बाईपासून आम्ही तिचाच इशारा दडवून ठेवणार होतो. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "मिलिंद, जा, खाली चहा पिऊन ये." तो गेला. डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आणि याची तुम्हाला खात्री कितपत?" ते पहिल्यांदा स्टूल ओढून बसले. मग तुम्ही दोघं बराच वेळ बोललात, एका व्यवसायातली माणसं बोलतात तसे. ते गेल्यावर तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात गार होता. "भीती वाटते गं," म्हणालात. "पण बरं झालं कळलं."

त्या कळण्याचं तुम्ही काय केलंत, ते मिलिंद अजून कोणाला सांगू शकत नाही, म्हणून मी सांगते. तुमची आई गेली तेव्हा तो फार लहान होता. त्याला तिचा चेहरा फोटोतून माहीत आहे, आवाज आठवत नाही. तुम्ही त्याला पलंगाशी बसवलंत आणि आईच्या आवाजात बोलून दाखवलंत. ती त्याला जेवायला कशी हाक मारायची, रागावली की कशी, देवापाशी पुटपुटायची कशी. तुमचा स्वतःचा आवाज तेव्हा बसलेला, तरी ती हाक खणखणीत आली. मिलिंद पलंगाच्या कडेवर डोकं टेकून ऐकत राहिला. मी बाहेर गेले. ताई, या एका दुपारबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. ती दुपार मिळाली, कारण तुम्ही वेळेवर विचारलंत.

मी कामावर परत गेले तेव्हा लोक जपून बोलत होते. काल दुपारी इशारा आला. नारिंगी. खाली सही कोणा नव्या माणसाची. मी सवयीने रंजनाबाईंचा नंबर लावला आणि मजकूर बाजूला ठेवून नदीच्या वरच्या अंगाचा पाऊस आणि भरतीची वेळ सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं.

"आनि ताई काय बोलतात?"

त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. मी सांगितलं. पलीकडे नुसता मागच्या कोंबड्यांचा आवाज. मग नाक ओढल्यासारखं झालं. "बाय माझी," म्हणाल्या. "रस्ता बगाया आलेली." त्यांनी पुन्हा नेहमीच्या आवाजात विचारलं, "मंग तुमी काय बोलता मॅडम? जावाचा का ऱ्हावाचा?"

तुम्हाला लावायचा म्हणून माझा हात दुसऱ्या फोनकडे गेला आणि थांबला. मी समोरचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. बाहेर भुरभुरसुद्धा नव्हती.

"खात्री नाही, रंजनाबाई," मी म्हटलं. "पण निघा."